संदर्भसूचीतील तारीख : आधी वर्ष, अखेरीस दिवस

प्रबंधाचे लेखन महिनोन्‌महिने चालते. त्याची संदर्भसूची मात्र अनेकदा अखेरच्या आठवड्यात उरकली जाते. लेखकाचे नाव, ग्रंथाचे शीर्षक, प्रकाशक हे सारे एकदा तपासले जाते. तारखेकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. चार अंक तर लिहायचे, त्यात चुकण्यासारखे काय, अशी समजूत असते. संगणकावर साठवलेल्या संदर्भसूचीत सर्वांत जास्त गोंधळ होतो तो याच रकान्यात. कारण माणसाला सहज समजणारी तारीख यंत्राला समजतेच असे नाही, आणि यंत्राला न समजलेली तारीख कधी चुकीच्या रूपात छापली जाते, तर कधी गुपचूप गाळली जाते.

हा प्रश्न केवळ टापटिपीचा नाही. 'केसरी'चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी, मंगळवारी, प्रसिद्ध झाला. एखाद्या अभ्यासकाने ही तारीख '०४/०१/१८८१' अशी नोंदवली, तर भारतीय वाचक ती बरोबर वाचेल. अमेरिकेत महिना आधी लिहिण्याची रीत असल्याने तेथील वाचक तीच तारीख १ एप्रिल अशी वाचेल. १ एप्रिल १८८१ रोजी शुक्रवार होता. त्या तारखेचा अंक शोधत ग्रंथालयात गेलेला अभ्यासक पहिल्या अंकापर्यंत पोहोचणार नाही. संदर्भ देण्याचा हेतू दुसऱ्याला मूळ साधनापर्यंत नेणे हा असतो. तारीख संदिग्ध झाली की तो हेतूच फसतो.

संदर्भांची फाइल म्हणजे काय?

विज्ञान, गणित आणि अभियांत्रिकीच्या क्षेत्रात, तसेच अलीकडे मानव्यविद्यांतही, संदर्भ साठवण्यासाठी 'बिबटेक' पद्धतीची फाइल मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली तयार केली. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी तिच्यावर आधारित 'लाटेक' रचली. तिला जोड म्हणून ओरेन पटाश्निक आणि लॅम्पोर्ट यांनी १९८५ मध्ये 'बिबटेक' आणली. तिची ०.९९ ही आवृत्ती १९८८ मध्ये आली. इतकी वर्षे लोटली तरी त्या फाइलची मूळ रचना आजही तशीच ओळखू येते.

ही फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. प्रत्येक ग्रंथाची किंवा लेखाची एक नोंद. नोंदीच्या आरंभी तिचा प्रकार आणि एक सांकेतिक नाव, त्यानंतर रकाने : लेखक, शीर्षक, नियतकालिक, वर्ष, महिना. रकान्याचे नाव, मग बरोबरचे चिन्ह, मग महिरपी कंसात मूल्य आणि शेवटी स्वल्पविराम, अशी मांडणी. सूची कशी दिसावी हे मात्र या फाइलमध्ये ठरत नाही. ते काम शैलीच्या स्वतंत्र फाइलचे असते. एका विद्यापीठाला वर्ष कंसात हवे असते, दुसऱ्याला शेवटी. दोघांसाठी संदर्भांची फाइल एकच राहते, केवळ शैली बदलते.

या विभागणीतच सारे मर्म आहे. फाइलमधली तारीख हा सजवायचा मजकूर नसून ते एक मूल्य आहे. ते नेमके आणि ठरलेल्या रूपात द्यायचे, दर्शनी रूप शैलीवर सोपवायचे. तारखेच्या बहुतेक चुका हा भेद विसरल्यामुळे होतात.

वर्षाच्या रकान्यात फक्त वर्ष

जुन्या बिबटेकमध्ये तारखेसाठी 'इयर' आणि 'मंथ' असे दोन रकाने आहेत. पहिल्यात चार अंकी वर्ष अपेक्षित असते. पण तेथे 'सुमारे १८६०', '१९८४, पुनर्मुद्रण', '१९२५ अ' असे काहीही लिहिले जाते. बिबटेक त्यावर हरकत घेत नाही, आणि म्हणूनच चूक लक्षात येत नाही.

परिणाम छापताना दिसतो. 'अल्फा' नावाच्या प्रचलित शैलीत एकच लेखक असल्यास त्याच्या आडनावाची पहिली तीन अक्षरे आणि वर्षाचे शेवटचे दोन अंक मिळून संदर्भाची खूण तयार होते. कनूथ यांच्या 'द टेकबुक' या १९८४ च्या ग्रंथाची खूण त्यानुसार आडनावाची तीन अक्षरे व '८४' अशी होते. मात्र वर्षापुढे कोणी इंग्रजीत 'रीप्रिंट' हा शब्द जोडला, तर यंत्र त्या रकान्यातली शेवटची दोन अक्षरे उचलते. '८४' च्या जागी 'एन' आणि 'टी' ही रोमन अक्षरे येऊन बसतात. यंत्राने सांगितले तेच केले, चूक नोंदीची.

क्रम लावतानाही हेच घडते. एकाच लेखकाची पुस्तके वर्षानुसार लावताना बिबटेक अंकांची नव्हे, अक्षरमालेची तुलना करते. अंकांचा क्रम अक्षरांच्या आधी असल्याने 'सुमारे' यासारख्या शब्दाने सुरू होणारे वर्ष त्या लेखकाच्या सर्व पुस्तकांनंतर जाऊन बसते, मग ते पुस्तक सर्वांत जुने का असेना.

'१९२५ अ', '१९२५ आ' ही अक्षरेही हाताने लिहू नयेत. एका लेखकाची एकाच वर्षातली दोन पुस्तके ओळखू यावीत म्हणून लेखक-वर्ष पद्धतीच्या शैली ती आपोआप जोडतात. हाताने लिहिली तर एखादे पुस्तक वगळताच साऱ्या खुणा विस्कटतात.

महिन्याला कंस नको

महिन्याचा नियम नवशिक्यांना हमखास चकवतो. बिबटेकच्या प्रमाण शैलींत बाराही महिन्यांसाठी तीन रोमन अक्षरांचे संक्षेप आधीच ठरवलेले आहेत. जानेवारीसाठी 'जॅन', फेब्रुवारीसाठी 'फेब' वगैरे. हे संक्षेप महिरपी कंस किंवा अवतरणचिन्हे न लावता उघडे लिहायचे असतात. तसे लिहिले की शैलीनुसार कोठे महिन्याचे पूर्ण नाव, तर कोठे बिंदू दिलेला संक्षेप छापला जातो. कंस घातला की यंत्र त्यास साधा शब्द समजते आणि ती तीन अक्षरे जशीच्या तशी छापते. एकाच सूचीत काही महिने पूर्ण व काही तुटके दिसतात, त्याचे कारण बहुधा हेच असते.

दिवसासाठी जुन्या बिबटेकमध्ये स्वतंत्र रकानाच नाही. काही जण 'डे' असा रकाना स्वतःच तयार करतात. पण शैलीला माहीत नसलेला रकाना बिबटेक कोणतीही सूचना न देता सोडून देते. तारखेचा दिवस त्यामुळे सूचीत उमटतच नाही. त्यावर पटाश्निक यांनीच तोडगा दिला होता : महिन्याच्या रकान्यात संक्षेपाला जोडचिन्हाने दिवस जोडायचा. तो चालतो, परंतु वृत्तपत्रे, पत्रव्यवहार आणि संकेतस्थळे यांचे शेकडो संदर्भ असलेल्या अभ्यासकाला हा मार्ग अपुरा पडतो.

एकच रकाना, एकच क्रम

ही उणीव 'बिबलाटेक'ने भरून काढली. फिलिप लेमन यांनी २००६ पासून विकसित केलेल्या या संचात, आणि त्याच्यासोबत चालणाऱ्या 'बीबर' या प्रोग्रॅममध्ये, 'डेट' असा एकच रकाना आहे. त्याचे रूप आयएसओ ८६०१ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे ठरते. हे मानक १९८८ मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. त्याचा क्रम असा : चार अंकी वर्ष, आडवी रेघ, दोन अंकी महिना, आडवी रेघ, दोन अंकी दिवस. 'केसरी'च्या पहिल्या अंकाची तारीख या पद्धतीने '१८८१-०१-०४' अशी होईल. महिना किंवा दिवस एकअंकी असेल तर आधी शून्य द्यावे लागते. दिवस ठाऊक नसेल तर '१८८१-०१' आणि महिनाही ठाऊक नसेल तर नुसते '१८८१' पुरेसे असते. माहीत नसलेल्या दिवसाच्या जागी १ तारीख दडपून देण्याची गरज नाही.

येथे उदाहरणे देवनागरीत छापली आहेत. प्रत्यक्ष फाइलमध्ये रकान्यांची नावे रोमन लिपीत आणि तारखेचे अंक आंतरराष्ट्रीय रूपातच लिहावेत. देवनागरी अंकांना संगणकात वेगळे संकेतांक असतात. सूचीत देवनागरी अंक हवे असतील तर ते काम अक्षरजुळणीच्या टप्प्यावर करता येते.

मोठ्याकडून लहानाकडे जाणारा हा क्रम का निवडला गेला, हे एका उदाहरणाने ध्यानात येईल. बाळशास्त्री जांभेकरांच्या 'दर्पण'चा पहिला अंक ६ जानेवारी १८३२ चा, 'मराठा'चा २ जानेवारी १८८१ चा आणि 'केसरी'चा ४ जानेवारी १८८१ चा. दिवस आधी लिहून या तिन्ही तारखा यंत्राने मजकूर म्हणून लावल्या, तर ०२, ०४, ०६ अशा क्रमाने 'दर्पण' शेवटी जाईल. जवळपास अर्धशतक आधीचे पत्र सर्वांत नवे ठरेल. वर्ष आधी लिहिले की 'दर्पण', 'मराठा', 'केसरी' हा कालक्रम आपोआप लागतो. शिवाय वर्षाने सुरू होणारी तारीख उलटसुलट वाचण्याचा धोका उरत नाही.

चुकीच्या रूपातली तारीख आढळली की बीबर तशी सूचना नोंदवते आणि ती तारीख सोडून देते. लेखक-वर्ष पद्धतीच्या सूचीत मग त्या जागी 'तारीख नाही' या अर्थाचा इंग्रजी संक्षेप छापला जातो. फाइलमध्ये तारीख असूनही सूचीत ती नाही, असा प्रकार दिसला तर आधी रकान्यातील रूप तपासावे. एकाच नोंदीत 'डेट' आणि 'इयर' असे दोन्ही रकाने ठेवणेही टाळावे. तसे केल्यास 'डेट'मधले वर्ष ग्राह्य धरले जाते आणि दुसरे बाजूला पडते. दोन्हींत फरक असेल तर कोणते खरे, हे यंत्र सांगू शकत नाही.

एका ग्रंथाच्या अनेक तारखा

एखाद्या साधनाला एकच तारीख असते, हाही एक भ्रम आहे. महात्मा जोतीराव फुले यांची 'गुलामगिरी' १८७३ मध्ये प्रसिद्ध झाली. आजच्या अभ्यासकाच्या हातात मात्र तिची बरीच नंतरची आवृत्ती असते आणि पृष्ठांक त्याच आवृत्तीचे दिले जातात. नुसते १८७३ लिहिले तर पृष्ठांक जुळत नाहीत. नुसते नवे वर्ष लिहिले तर फुले यांचा विचार एकविसाव्या शतकातला वाटू लागतो. बिबलाटेकमध्ये यासाठी दोन वेगळे रकाने आहेत. हातातल्या आवृत्तीचे वर्ष 'डेट'मध्ये आणि प्रथम प्रकाशनाचे वर्ष 'ओरिजडेट'मध्ये. विचार कोणाचा व कधीचा, हे ठरवण्यासाठी दुसरी तारीख, तर पान उघडून पाहण्यासाठी पहिली.

परिषदेत वाचलेल्या निबंधाचेही तसेच. परिषद डिसेंबरमध्ये भरते आणि तिचे इतिवृत्त पुढल्या वर्षी छापले जाते. परिषदेचे दिवस 'इव्हेंटडेट'मध्ये आणि छपाईचे वर्ष 'डेट'मध्ये जाते. संकेतस्थळावरचा मजकूर कधीही बदलू शकतो, म्हणून तो प्रत्यक्ष कधी पाहिला याची तारीख 'यूआरएलडेट'मध्ये नोंदवतात. मजकुरावरची तारीख आणि पाहिल्याची तारीख या दोन गोष्टी भिन्न आहेत. एकीच्या जागी दुसरी घालू नये.

संशोधनपत्रिकांत आता आणखी एक पेच असतो. लेख आधी इंटरनेटवर येतो आणि काही महिन्यांनी अंकात छापला जातो. डीओआय क्रमांकासोबत मिळणाऱ्या माहितीत या दोन्ही तारखा वेगवेगळ्या असू शकतात. लेख डिसेंबरमध्ये ऑनलाइन आणि जानेवारीत छापील आला की वर्षच बदलते. खंड, अंक व पृष्ठांक छापील अंकाचे दिले असतील तर वर्षही छापील अंकाचेच द्यावे, हे सुसंगत. एखादी गोष्ट प्रथम कोणी मांडली हा वाद असेल, तर आधीची तारीखही टिपेत नमूद करावी.

अद्याप प्रसिद्ध न झालेल्या लेखासाठी वर्षाच्या रकान्यात 'लवकरच' किंवा 'छापले जात आहे' असे लिहिण्याची सवय सोडावी. त्या अवस्थेसाठी 'पबस्टेट' हा रकाना उपलब्ध आहे.

न कळलेली तारीख प्रामाणिकपणे

जुन्या मराठी पुस्तकांत मुखपृष्ठ फाटलेले असते, छपाईचे वर्ष दिलेलेच नसते, किंवा प्रस्तावनेवरून अंदाज बांधावा लागतो. अशा वेळी अंदाजाला निश्चित वर्षाचे रूप देणे हा मोठा दोष. ते वर्ष पुढे एका सूचीतून दुसऱ्या सूचीत उतरत जाते आणि काही वर्षांनी त्याच्या मुळाशी केवळ तर्क होता हे कोणाला आठवत नाही.

यावर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तारखांच्या विस्तारित पद्धतीचा पुरस्कार केला. २०१९ मध्ये आयएसओ ८६०१ मानक दोन भागांत प्रसिद्ध झाले आणि त्याच्या दुसऱ्या भागात या विस्ताराला स्थान मिळाले. बिबलाटेकही तो मानते. वर्षापुढे नागमोडी रेघ दिली की 'सुमारे', प्रश्नचिन्ह दिले की 'अनिश्चित'. १८६० च्या दशकातले पुस्तक, पण नेमके वर्ष अज्ञात, असे असेल तर शेवटच्या अंकाच्या जागी रोमन 'एक्स' हे मोठे अक्षर लिहायचे; यंत्र त्याचा अर्थ १८६० ते १८६९ असा घेते. काळाचा पल्ला दाखवण्यासाठी दोन वर्षांमध्ये तिरकी रेघ देतात. १९८८ ते १९९२ या काळात निघालेला बहुखंडी ग्रंथ '१९८८/१९९२' असा नोंदवावा. प्रकाशन अजून चालू असेल तर तिरक्या रेघेनंतरची जागा मोकळी सोडावी. आडवी रेघ वर्ष-महिन्यांसाठी, तिरकी रेघ पल्ल्यासाठी. दोन्हींची गल्लत झाली की तारीख बाद ठरते.

या चिन्हांचा लाभ असा, की शंका नोंदवूनही क्रम बिघडत नाही. यंत्राला वर्ष मिळते आणि वाचकाला इशाराही. सूचीत 'सुमारे' सारखी खूण छापून यावी यासाठी मात्र बिबलाटेकमधला संबंधित पर्याय चालू करावा लागतो.

शके आणि सन

मराठी अभ्यासकांपुढचा खास प्रश्न शकाचा. जुन्या अनेक मराठी ग्रंथांवर इसवी सनाऐवजी, किंवा त्याच्या जोडीने, शालिवाहन शक दिलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे सूत्र शाळेपासून पाठ असते. ते अर्धेच खरे आहे. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते. पाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवावे लागतात. १ जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंत ७९. म्हणजे शके १८३७ हे वर्ष १९१५ आणि १९१६ या दोन इसवी सनांत विभागले जाते. ग्रंथावर पौष वद्य किंवा माघ असा महिना असेल तर साध्या बेरजेने वर्ष एकाने चुकण्याचा संभव असतो. १ चैत्र शके १८७९, अर्थात २२ मार्च १९५७ पासून सरकारने स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेतही वर्षाचा आरंभ चैत्रातच होतो.

महिना कळत असेल तर योग्य इसवी सन काढून लिहावा. फक्त शक कळत असेल तर '१९१५/१९१६' असा पल्ला देणे सचोटीचे. ग्रंथावर छापलेला शक टिपेच्या रकान्यात जसाच्या तसा ठेवावा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला गणित पुन्हा तपासता येते. तारखेच्या रकान्यात थेट १८३७ लिहिले तर यंत्र तो इसवी सन समजेल आणि ग्रंथ ७८ वर्षे मागे ढकलला जाईल. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची संगणकाच्या आधीच्या काळात सिद्ध केली. अशा सूचींतून नोंदी उतरवून घेताना वर्ष कोणत्या गणनेचे आहे हे आधी पाहणे अगत्याचे.

दिवाळी अंकाचीही अशीच अडचण. त्यावर नेमका महिना नसला तर ऑक्टोबर की नोव्हेंबर हा वाद घालत बसण्याचे कारण नाही. महिन्याऐवजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या अंकांसाठी बिबलाटेकमध्ये 'इश्यू' रकाना आहे. तेथे 'दिवाळी अंक' आणि 'डेट'मध्ये फक्त वर्ष, एवढ्याने भागते.

तपासणी कशी करावी?

आज फारच थोडे अभ्यासक नोंदी हाताने लिहितात. झोटेरो, जॅबरेफ यांसारखी सॉफ्टवेअर इंटरनेटवरून तयार नोंदी उचलतात. सोय मोठी, पण उचललेली तारीख तपासलेली असते असे नाही. झोटेरोमधून फाइल काढताना बिबटेक व बिबलाटेक असे दोन स्वतंत्र पर्याय असतात. आपली शैली ज्या पद्धतीची, तोच निवडावा. जॅबरेफमध्येही या दोन पद्धतींचे वेगळे पर्याय असून नोंदींची सुसंगती तपासण्याची सोय आहे. बीबरला फाइलची रचना तपासण्याची आज्ञा देता येते.

सूची तयार झाल्यावर बिबटेक किंवा बीबर एक अहवाल-फाइल मागे ठेवते. वर्ष रिकामे आहे, तारखेचे रूप चुकले आहे, अशा सूचना तिच्यात असतात. ती उघडून वाचायला पाच मिनिटे लागतात. त्यानंतर छापील सूचीत तारीख नसलेल्या नोंदी, जानेवारी-डिसेंबरच्या सीमेवरच्या नोंदी आणि १ जानेवारी अशी तारीख असलेल्या नोंदी मुद्दाम ताडून पाहाव्यात. दिवस ठाऊक नसताना १ जानेवारी लिहिले जाण्याचा प्रकार नेहमीचा आहे.

मात्र रूप बरोबर असलेली चुकीची तारीख कोणतेही यंत्र पकडू शकत नाही. '१८८१-०४-०१' ही नियमाप्रमाणे निर्दोष तारीख आहे. ती 'केसरी'च्या पहिल्या अंकाची नव्हे, हे सांगण्यासाठी अंकच उघडून पाहावा लागतो. ज्याने मूळ साधन हाताळले, त्यानेच तारीख त्यावरून उतरवून घ्यावी आणि त्याच दिवशी फाइलमध्ये नोंदवावी, हा ग्रंथपालांचा जुना शिरस्ता संगणकाच्या काळातही तितकाच उपयोगी आहे.